परदेशी घरांत राबणाऱ्या भगिनींना कायद्याचे छत्र केव्हा?

दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग आमच्या कार्यकर्त्यांना नवा नाही. फेडरेशनच्या बैठकीसाठी राजधानीत आलेला महाराष्ट्रातील रेल्वे कामगार एकदा तरी या रस्त्याने जातोच, कारण २०१३ साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. मंत्री, खासदार, अधिकारी तेथे उतरतात. गावाकडून कामे घेऊन आलेली माणसे फाटकापाशी ताटकळत असतात. गेल्या बैठकीच्या वेळी अशाच माणसांत आम्हाला आमच्या एका निवृत्त ट्रॅकमनची मुलगी भेटली. नवरा वारलेला, दोन मुले शाळेत, वय चौतीस, शिक्षण दहावी पास आणि रुग्णसेवेचा एक छोटा कोर्स. एका आखाती देशात वृद्ध जोडप्याच्या घरी राहून त्यांची शुश्रूषा करायची नोकरी लागते आहे, असे सांगून एजंटाने तिला मूळ पासपोर्ट घेऊन दिल्लीला बोलावले होते. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाली, "काका, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा."

कागद इंग्रजीत होता, एका पानाचा. पगाराचा आकडा होता, जेवण आणि राहणे मोफत असे होते. कामाच्या तासांच्या रकान्यात तीनच शब्द होते : ड्युटी ॲज रिक्वायर्ड. म्हणजे गरजेप्रमाणे काम. आठवड्याच्या सुट्टीचा रकानाच नव्हता. आणि एवढ्या कागदासाठी एजंटाने 'फाईल चार्ज' म्हणून दीड लाख रुपये मागितले होते.

आम्ही मॅट्रिक झालेलो आहोत, कायद्याचे पंडित नाही. परंतु रोस्टरवर हयात घालवलेल्या रेल्वे कामगाराला या तीन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. ज्या कागदावर ड्युटी केव्हा सुरू होते हे लिहिलेले नाही, त्या कागदावर ती केव्हा संपते हेही लिहिलेले नसते.

रेल्वेतील आमच्या तरुण सभासदांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांच्या ड्युटी रूममध्ये लावलेला रोस्टर आकाशातून पडलेला नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने कामाच्या तासांचा करार केला. भारताने त्याला १९२१ साली मान्यता दिली. त्यानंतर नऊ वर्षे गेली आणि १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात सलग काम करणाऱ्यांना आठवड्याला ६० तास आणि 'इंटरमिटंट' म्हणजे थांबून थांबून काम करणाऱ्यांना ८४ तास अशी मर्यादा पडली. पुढे फेडरेशनच्या रेट्यामुळे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे प्रश्न गेला. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने ते तास ५४ आणि ७५ वर आणले. न्यायमूर्ती मियाभॉय न्यायाधिकरणानंतर सलग कामासाठी ४८ तासांचे माप आले. म्हणजे वॉशिंग्टनमधील कागद गँगच्या टूलबॉक्सपर्यंत पोहोचायला एक पिढी खर्ची पडली. पण पोहोचला. कारण एकदा सरकारने सही केली की त्या सहीवर बोट ठेवून भांडता येते.

या सर्व काळात 'इंटरमिटंट' कामगाराच्या विरुद्ध एकच युक्तिवाद ऐकू येत होता. गेटमनला काम काय? गाडी आली की फाटक लावायचे, गेली की उघडायचे, बाकी वेळ तो बसूनच असतो. आम्ही त्यावर एकच उत्तर देत आलो : तो बसलेला असतो, मोकळा नसतो. त्याचे कान फोनकडे असतात. तो तेथून उठून बाजारात जाऊ शकत नाही. आज घरात राहून म्हाताऱ्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईबद्दल नेमका हाच युक्तिवाद केला जातो. म्हातारी झोपली की तीही झोपते, मग काम कसले? पण रात्री दोनदा उठवून कूस बदलायची, पहाटे औषध द्यायचे, संडासला न्यायचे, पडू नये म्हणून एक डोळा उघडा ठेवायचा, ही ड्युटी नव्हे तर काय? गेटमनला निदान रिलीव्हर असतो. तिला तोही नाही.

१६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने करार क्रमांक १८९ मंजूर केला. तो घरकामगारांसाठी आहे आणि त्यात घरी राहून आजारी, वृद्ध व मुलांची देखभाल करणाऱ्या भगिनीही येतात. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. ५ सप्टेंबर २०१३ पासून तो अमलात आला. त्यात काय आहे ते सभासदांनी नीट समजून घ्यावे. परदेशात जाणाऱ्या घरकामगाराला सीमा ओलांडण्यापूर्वी लेखी करार मिळाला पाहिजे. पासपोर्ट व ओळखीची कागदपत्रे तिच्याच हातात राहिली पाहिजेत. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्या वेळेत घरातच थांबण्याची सक्ती करता येणार नाही. हाकेच्या अंतरावर थांबून राहण्याचा वेळ देशाचा कायदा ठरवील त्या प्रमाणात कामाचा वेळ धरला पाहिजे. एजंटाची फी तिच्या पगारातून कापता कामा नये. यातली एकही गोष्ट क्रांतीची नाही. कारखान्यातील कामगाराने शंभर वर्षांपूर्वी मागितलेलेच हे आहे. तरीही मत देणाऱ्या भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. मत देताना हात वर करायचा आणि सही करताना मागे घ्यायचा, हा कुठला न्याय?

सही नसली म्हणून नियमच नाहीत, असे मात्र नाही. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली सरकारने पुष्कळ नियम केले. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगाराला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. अशा पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० हवे, असे ठरले. २०१६ पासून तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा आदेश निघाला. दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा आला. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेऊ नये, असाही नियम आहे. सौदी अरेबियाशी जानेवारी २०१४ मध्ये घरकामगारांच्या भरतीबाबत करार झाला, कुवेत व संयुक्त अरब अमिराती यांच्याशी २०१८ मध्ये झाले. ही पावले चांगली होती हे कबूल केले पाहिजे.

परंतु या नियमांना दोन मोठी भोके आहेत. पहिले भोक दहावीच्या दाखल्याचे. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर मंजुरीचा शिक्का लागत नाही. म्हणजे मॅट्रिक झालेली बाई शहाणी, तिला सरकारी संरक्षणाची जरूर नाही, असे हा नियम धरून चालतो. आम्ही वर सांगितलेली आमच्या ट्रॅकमनची मुलगी याच भोकातून खाली पडणार होती. तिने जिद्दीने रात्रशाळेतून दहावी केली. त्या दहावीनेच तिचा करार कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार नाही अशी तजवीज झाली. दाखल्याने इंग्रजी कराराचा अर्थ कळत असता, तर तिने तो कागद आमच्यापुढे कशाला धरला असता?

दुसरे भोक बंदीचे. तिशीच्या आतल्या स्त्रीला बंदी, अमुक देशाला बंदी, खासगी एजंटाला बंदी. हेतू चांगला, पण घरात चूल पेटत नसेल तर बंदीने वाट बंद होत नाही, चोरवाट उघडते. बाई नोकरीच्या व्हिसावर जात नाही, टुरिस्ट व्हिसावर जाते. एका देशात उतरते आणि तेथून दुसऱ्या देशात नेली जाते. मग तिचे नाव कुठल्याच रजिस्टरात नसते. संकट आले की दूतावासही विचारतो, तुम्ही आलात कशा?

परदेशातील कायद्यांचेही असेच आहे. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा त्यात लिहिली आहे. कागद म्हणून तो उत्तम आहे. पण ज्या मालकाच्या नावावर व्हिसा आहे त्याच्याशी कामगाराला बांधून टाकणारी कफाला पद्धत जिथे मुरलेली आहे, तिथे बाई तक्रार घेऊन जाणार कशी? घर सोडले की ती 'फरारी' ठरण्याची भीती. आणि घराचे दार हे कारखान्याचे फाटक नव्हे. तेथे फॅक्टरी इन्स्पेक्टर जात नाही, युनियनचा बोर्ड लागत नाही, शेजारी दुसरा कामगार नसतो. कामगार चळवळीचे पहिले हत्यार म्हणजे दोन कामगारांनी एकमेकांशी बोलणे. तेच तिच्याकडून काढून घेतलेले असते.

हे केवळ आखातापुरते आहे असेही कोणी समजू नये. इस्राएलमध्ये २०२३ च्या युद्धापूर्वी सुमारे १८,००० भारतीय नागरिक होते आणि त्यांतले बहुसंख्य वृद्धांची देखभाल करणारे होते. कोकणातून तेथे गेलेल्या मराठी भाषक बेने इस्राएल मंडळींमुळे हा देश आपल्याला परका वाटत नाही. २०२३ साली दोन्ही सरकारांत बांधकाम आणि देखभाल या दोन क्षेत्रांसाठी करार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की इस्राएलला आणखी १०,००० बांधकाम कामगार आणि ५,००० देखभाल करणारे हवे आहेत. देखभालीच्या कामासाठी दहावी पास आणि किमान ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण अशी अट होती. बांधकाम कामगारांची ती भरती तर महाराष्ट्रातच होणार होती. सरकारमार्फत भरती होणे हे एजंटाच्या तावडीत सापडण्यापेक्षा शंभर पटीने बरे, हे आम्ही मानतो. पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आणि फेरसुनावणीत पुन्हा २०१३ साली काय ठरवले? तर घरात राहून देखभाल करणाऱ्या परदेशी कामगाराला कामाच्या तासांचा व विश्रांतीचा १९५१ चा कायदा लागू होत नाही, म्हणून ओव्हरटाईम नाही. जिच्या प्रशिक्षणाचे ९९० तास मोजले जातात, तिच्या कामाचे तास मात्र मोजता येत नाहीत! मे २०२१ मध्ये अश्केलोन शहरात केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एक भगिनी वृद्ध बाईची सेवा करीत असताना रॉकेटच्या हल्ल्यात ठार झाली. जिवाची जोखीम आहे, तासांचा हिशेब नाही, अशी ही नोकरी आहे.

आता एक कडू गोष्ट. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. महाराष्ट्राची कन्या, दलित समाजातून वर आलेली अधिकारी. त्यांना ज्या पद्धतीने वागवले गेले, कपडे उतरवून झडती घेतली गेली, त्याने सारा देश संतापला आणि तो संताप योग्यच होता. सरकारने दिल्लीतील अमेरिकन वकिलातीपुढचे अडथळे काढून टाकले. याच कस्तुरबा गांधी मार्गावर असलेल्या अमेरिकन सेंटरमधील चित्रपटांच्या खेळांना परवाना आहे का, इथपर्यंत विचारणा झाली. परंतु मूळ आरोप काय होता? घरी मुलांना सांभाळण्यासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसासाठी एका करारात तासाला ९.७५ डॉलर दाखवले आणि दुसऱ्या करारात महिना ३०,००० रुपये ठरवले, म्हणजे तासाला ३.३१ डॉलर, असे तेथील सरकारी पक्षाचे म्हणणे होते. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. त्या जानेवारी २०१४ मध्ये भारतात परतल्या. मार्चमध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द झाले, दोनच दिवसांत पुन्हा दाखल झाले, पण खटला चाललाच नाही. म्हणून खरे काय आणि खोटे काय हे ठरवण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही.

आम्हाला सांगायचे आहे ते आमच्याबद्दल. त्या दिवसांत निषेधाच्या सभा झाल्या, आम्हीही टाळ्या वाजवल्या. दोन्ही सरकारे भांडली, वृत्तपत्रे भांडली. पण त्या बाईला आठवड्याला किती तास काम होते, सुट्टी कोणत्या वारी होती, आजारी पडल्यावर काय होत होते, हा प्रश्न आम्ही कामगार संघटनेचे लोक असूनसुद्धा विचारला नाही. अधिकाऱ्याच्या सन्मानासाठी उभे राहणे आणि घरकामगाराच्या तासांचा हिशेब मागणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता आली असती. आम्ही एकच केले. शिवाय त्याच न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरकामगारांच्या हक्कांचा कायदा आहे. सात दिवसांत एक दिवस विश्रांती आणि घरात राहणाऱ्याला ४४ तासांनंतर ओव्हरटाईम त्यात आहे. तेथल्या घरकामगार बायांनी संघटित होऊन तो मिळवला. घरातल्या कामाला कायदा लावता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि परदेशी मालकांना बोल लावण्याआधी आपल्या उंबरठ्याच्या आतही पाहू या. रेल्वे क्वार्टरमध्ये भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आपण आठवड्याची सुट्टी देतो का? खाडा झाला तर पगार कापतो का? पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून असे प्रश्न चव्हाट्यावर आणले. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण संपूर्ण देशासाठी घरकामगारांचा कायदा नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमून अशा कायद्याचा विचार करण्यास सांगितले. ज्या देशात घरातल्या बाईला 'कामगार' म्हणण्याची तयारी नाही, त्या देशाचा वकील परदेशात जाऊन तिच्यासाठी कोणत्या तोंडाने भांडणार? सप्टेंबर २०२० मध्ये तर आपल्याच सरकारने आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी शिफारस केलेले किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले होते. बोंबाबोंब झाल्यावर जुलै २०२१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. याउलट फिलिपिन्सने २००६ सालीच आपल्या घरकामगारांना महिना किमान ४०० डॉलर पगार हवा आणि त्यांच्याकडून भरतीची फी घ्यायची नाही, असे ठरवले. मालकांची गरज होती, म्हणून मागणी संपली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. कामगार संघटनांनी अशा वेळी नुसते पत्रक काढून भागणार नाही. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करार क्रमांक १८९ ला भारताने विनाविलंब मान्यता द्यावी.

२) घरी राहून काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराचा करार, मग ती दहावी पास असो वा नापास आणि देश कोणताही असो, सरकारी नोंदणीत आलाच पाहिजे.

३) करार मायबोलीत हवा. त्यात कामाचे तास, रात्री उठवल्याची भरपाई, सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, पासपोर्ट आणि मोबाईल स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क यांचे स्वतंत्र रकाने हवेत.

४) भरतीचा सर्व खर्च मालकाने करावा. कामगाराकडून एक पैसाही घेऊ नये.

५) जेथे आपल्या भगिनी मोठ्या संख्येने आहेत तेथील दूतावासांत महिला श्रम अधिकारी आणि निवारा असावा.

६) महाराष्ट्र शासनाने कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी मदत कक्ष उघडावा. एका टेबलाची, दोन खुर्च्यांची आणि करार वाचून सांगणाऱ्या एका माणसाची ही मागणी आहे.

हे होईपर्यंत आमच्या शाखांनीही हात बांधून बसू नये. प्रत्येक शाखा कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी की कोणाच्याही लेकीसुनेला परदेशी नोकरीचा कागद आणून वाचून घेता येईल. एजंटाचे नाव ई-मायग्रेटच्या सरकारी यादीत आहे की नाही हे पाहायला पाच मिनिटे लागतात. आम्ही त्या दिवशी पाहिले. नाव यादीत नव्हते. तसे सांगितल्यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "काका, मग इथं काय करू, तेही सांगा ना." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिने पैसे भरले नाहीत. तिच्याबरोबर आलेल्या दोघींनी भरले.

ज्यांच्या नावाचा हा मार्ग आहे त्या कस्तुरबा १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत तीन महिने सक्तमजुरीच्या शिक्षेवर तुरुंगात गेल्या होत्या. परमुलखात राबणाऱ्या हिंदी माणसांच्या, त्यांच्या बायकांच्या हक्काचा तो लढा होता. त्याआधी १९१२ साली नामदार गोखल्यांनी गिरमिट पद्धत मुळासकट बंद करा म्हणून कायदेमंडळात ठराव मांडला. तो पडला. पण पाच वर्षांत, १९१७ साली, ती भरती थांबली. ठराव पडला म्हणून मागणी पडत नाही. आमच्या रोस्टरचा इतिहासही हेच सांगतो.

ज्या दिवशी त्या एका पानाच्या कागदावरील 'ड्युटी ॲज रिक्वायर्ड' हे शब्द खोडले जाऊन तेथे तास लिहिले जातील, त्या दिवशी आपल्या या भगिनी कामगार म्हणून गणल्या जातील. तोपर्यंत हा प्रश्न प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर असलाच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!